ढगाळ हवेत शिवारातील कीटक आणि पक्षी कसे टिपावेत

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत अनेक हौशी छायाचित्रकारांचा कॅमेरा कपाटाबाहेर पडत नाही. ऊन नसले की फोटो चांगले येत नाहीत, ही समजूत त्यामागे असते. वास्तविक शिवारात कीटकांची सर्वाधिक वर्दळ याच महिन्यांत असते, आणि सुगरण, नवरंग, स्वर्गीय नर्तक यांसारखे पक्षी याच काळात विणीच्या धामधुमीत असतात. मळभाच्या दिवशी प्रकाश कमी असतो हे खरे. परंतु भर उन्हात जी एक गोष्ट मिळत नाही ती या दिवसांत मिळते. उन्हात छायाचित्रकाराने कुठे उभे राहायचे हे सूर्य ठरवतो. ढगाळ हवेत प्रकाश साऱ्या आकाशातून येत असल्यामुळे आपली जागा आपण मागची पार्श्वभूमी पाहून निवडू शकतो. पुढील सर्व सूचना या एका सोयीचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा आणि कमी प्रकाशाची अडचण कशी सांभाळावी याविषयीच्या आहेत.

हे लेखन ज्यांच्याकडे अदलाबदलीच्या लेन्सचा साधा कॅमेरा आणि ७०-३०० मिलीमीटरसारखी एखादी लेन्स आहे, तसेच शटरगती, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ही तीन नावे ज्यांच्या कानावरून गेली आहेत, अशा नवोदितांसाठी आहे. केवळ मोबाइल हाती असलेल्यांसाठीही मध्ये एक परिच्छेद आहे.

पहिली पायरी: प्रकाशाचा हिशेब

स्वच्छ उन्हात एफ/१६ अ‍ॅपर्चर ठेवून आयएसओच्या आकड्याइतकीच शटरगती ठेवावी, म्हणजे आयएसओ ४०० असेल तर सेकंदाचा १/४०० भाग, हा फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम आहे. त्याच नियमानुसार दाट ढगाळ हवेत एफ/१६ ऐवजी एफ/५.६ लागते (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे भोक मोठे). याचा अर्थ प्रकाश तीन स्टॉपने उतरतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे) आणि उन्हाच्या एक अष्टमांश इतकाच उरतो. मोठ्या आंब्याच्या किंवा वडाच्या सावलीत तो आणखी साधारण दोन स्टॉपने उतरतो. हाच हिशेब आकड्यांत मांडू. आयएसओ ४०० आणि एफ/५.६ ठेवल्यास उन्हात १/३२०० सेकंद, दाट ढगांखाली १/४०० सेकंद आणि त्याच ढगांखाली झाडाच्या सावलीत १/१०० सेकंद अशी शटरगती मिळेल. ३०० मिलीमीटरच्या लेन्सने १/१०० सेकंदात फांदीवर चुळबुळ करणारा बुलबुल स्पष्ट येण्याची आशा धरू नये. तेथेच आयएसओ १६०० केला की तीच शटरगती १/४०० होते आणि काम भागते. हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे, कारण शिवारात गेल्यावर कॅमेऱ्यातील आकडे पटकन उमगणे हीच नवोदिताची खरी अडचण असते.

ढगांतून येणाऱ्या प्रकाशाला कडक सावल्या नसतात. गायबगळ्याची पांढरी पिसे जळून गेल्यासारखी पांढरीफटक होत नाहीत, कोतवालाच्या काळ्या पिसांतील निळसर झळाळी दिसू लागते आणि पानाखाली बसलेल्या अळीच्या अंगावर उन्हाचे कवडसे पडत नाहीत. मात्र हा प्रकाश वरून येतो. त्यामुळे पक्ष्याचे पोट आणि डोळ्याखालचा भाग काळवंडतो. यावर उत्तम उपाय जमिनीवरच असतो. पाणी भरलेले भातखाचर, तळ्याचा काठ किंवा ओला कातळ आकाशाचा प्रकाश खालून परत फेकतो, आणि अशा ठिकाणी उभ्या असलेल्या शेकाट्याचे किंवा वंचकाचे पोटही उजळ येते. माझ्या मते पावसाळी दिवशी पक्ष्यांसाठी पाण्याचा काठ आणि कीटकांसाठी बांध, एवढीच वाटणी नवोदिताने पहिले काही महिने पाळावी.

वेळेचा नियमही उलटा होतो. उन्हाळ्यात सकाळी नऊपूर्वी आणि चारनंतर फोटो काढावेत असे सांगतात ते योग्यच आहे. परंतु ढगाळ दिवशी पहाटे फार अंधार असतो आणि दहा ते तीन हाच सर्वांत कामाचा वेळ ठरतो. अशा दिवशी दुपारचा उकाडा नसल्यामुळे पक्षीही बराच वेळ हालचाल करत राहतात.

दुसरी पायरी: साहित्य, आहे त्यातून

पक्ष्यांसाठी ३०० मिलीमीटरपर्यंत पोहोचणारी लेन्स सुरुवातीला पुरते. १५०-६०० मिलीमीटरसारख्या मोठ्या झूम लेन्स दूरच्या टोकाला बहुधा एफ/६.३ वर थांबतात आणि वजनदार असतात. त्या घेण्याआधी मळभातल्या एका अख्ख्या दिवसासाठी भाड्याने आणून पाहाव्यात.

कीटकांसाठी खरी मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून मोठी प्रतिमा घेणारी लेन्स, उत्तम, पण ती नसली तरी अडत नाही. आपल्या झूम लेन्सच्या तोंडाशी बसणारे क्लोज-अप भिंग घ्यावे. रेनॉक्स कंपनीचे डीसीआर-२५० हे भिंग ८ डायॉप्टरचे आहे (डायॉप्टर हे भिंगाच्या शक्तीचे माप) आणि ते लावल्यावर कीटकापासून साधारण १२ सेंटीमीटर अंतरावर यावे लागते; त्याच कंपनीचे डीसीआर-१५० हे ४.८ डायॉप्टरचे असून त्यात सुमारे २० सेंटीमीटर अंतर मिळते. बुजऱ्या चतुरासाठी दुसरे बरे. कमी प्रकाशात या भिंगांचा एक विशेष फायदा असतो. मॅक्रो लेन्स किंवा एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) वापरून कीटकाची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराइतकी केली की सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश सुमारे दोन स्टॉपने घटतो. भिंगाने तसे फारसे होत नाही.

कॅमेऱ्याला आधार हवा. तिपाई चिखलात रुतते, बांधावर नीट उभी राहत नाही, आणि ती उघडेपर्यंत पक्षी उडून जातो. त्यापेक्षा जाड कापडाची एक वीतभर पिशवी शिवून घ्यावी, तिच्या आत प्लास्टिकची पिशवी घालावी आणि गावात पोहोचल्यावर किराणा दुकानातून किलोभर ज्वारी किंवा तांदूळ घेऊन ती भरावी. मोटारीच्या उतरवलेल्या काचेवर, दुचाकीच्या सीटवर, दगडी बांधावर किंवा थेट जमिनीवर ही पिशवी ठेवून तिच्यात लेन्स रुतवली की हात स्थिर होतो. घरी परतताना धान्य परत डब्यात जाते, हा भाग वेगळाच.

याशिवाय साधी छत्री, सुती पंचा, पाणी न शिरणाऱ्या दोन मोठ्या पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या आणि गुडघ्याखाली घालायला गोणपाटाचा तुकडा एवढे पुरे.

तिसरी पायरी: कॅमेरा घरीच तयार करावा

फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरवरची माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, साठवावेत. ढगाळ दिवशी रंगांचा तोल कॅमेरा अनेकदा निळसर धरतो. रॉ फाइल असली की तो नंतर न बिघडवता बदलता येतो. तरीही व्हाइट बॅलन्स ‘क्लाउडी’वर, म्हणजे साधारण ६००० केल्विनच्या आसपास ठेवलेला बरा, कारण पडद्यावर दिसणारे चित्र खऱ्याच्या जवळ असले की पुढचे निर्णय योग्य होतात.

पक्ष्यांसाठी मॅन्युअल मोड निवडून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे, शटरगती आपण ठरवावी आणि आयएसओ ‘ऑटो’वर सोडून त्याची कमाल मर्यादा ६४०० ठेवावी. स्वस्थ बसलेल्या वंचकासाठी १/२०० सेकंदही चालते. सतत मान फिरवणाऱ्या शिंजीर किंवा गप्पीदासासाठी १/५०० हवी. उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० पेक्षा कमी नको. लेन्समधील स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताचा कंप सावरते, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही, हे नवोदितांच्या ध्यानात सहसा उशिरा येते. स्वस्थ पक्ष्याचेही एकेक फोटो न काढता पाच-सहाची मालिका काढावी. त्यातील एखाद्या क्षणी पक्षीही स्थिर असतो आणि हातही.

आयएसओ वाढवण्याची भीती सोडावी. दाणेदार पण रेखीव फोटो संगणकावर बराच निवळता येतो. हललेल्या पिसांची रेघ परत आणता येत नाही. त्याहून मोठा धोका अंधारा फोटो काढून नंतर उजळण्याचा आहे, कारण आयएसओ ८०० वर दोन स्टॉप अंधारा काढून उजळलेला फोटो बहुतेक कॅमेऱ्यांत आयएसओ ३२०० वर नीट उजेडात काढलेल्या फोटोपेक्षा चांगला येत नाही, उलट अनेकदा सावल्यांत अधिक खराब दिसतो.

फोकसचा एकच बिंदू निवडावा आणि तो डोळ्यावर ठेवावा. नव्या कॅमेऱ्यांत पक्ष्यांचा डोळा आपोआप ओळखण्याची सोय असते, पण धुक्यात व दाट पानांत ती चुकते. अशा वेळी एकच बिंदू अधिक भरवशाचा.

एक्सपोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची, कळ मात्र बोटाला न पाहता सापडली पाहिजे. पांढऱ्या आकाशासमोर तारेवर बसलेला कोतवाल असेल तर कॅमेरा आकाशाच्या उजेडाने फसतो आणि पक्ष्याची काळी बाहुली करतो. तेथे +१ ते +२ द्यावे. चिखलणी चाललेल्या काळ्या खाचरात पांढरा बगळा असेल तर उलट, म्हणजे -०.७ ते -१ करावे. पहिला फोटो काढताच हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतील अंधार-उजेडाची वाटणी दाखवणारा आलेख, पाहावा. पडद्याच्या उजेडावर विसंबू नये, कारण अंधाऱ्या दिवशी पडदा डोळ्यांना नेहमीपेक्षा उजळ वाटतो.

चौथी पायरी: कुठे बसावे

गावाबाहेरच्या माळावर किंवा रस्त्याच्या कडेला वाढलेले रुईचे झुडूप ही कीटकांच्या छायाचित्रणाची पहिली शाळा समजावी. रुईचा चीक विषारी असल्यामुळे तिच्यावर जगणारे कीटक ते विष अंगात साठवतात आणि भडक रंगांनी आपण बेचव असल्याची जाहिरात करतात. परिणामी त्यांना पळण्याची घाई नसते. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रुईवरचा नाकतोडा, प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या वळ्यांची अळी, पानाखाली दाटीने बसलेला पिवळा मावा आणि फुलांवर येणारे मोठे काळे भुंगे हे सारे एकाच झुडपावर मिळू शकतात. कमी शटरगतीत काम करणाऱ्या माणसाला असे न पळणारे कीटक म्हणजे वरदानच. नाकतोड्याला बोटाने डिवचू नये; तो द्रव फवारतो. झुडपाची पाने तोडून जागाही करू नये, कारण रुईचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते.

परसातील लिंबाचे झाडही असेच उपयोगी आहे. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी तपकिरी-पांढरी अळी दिसली तर ती लाइम किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची असू शकते, आणि सह्याद्रीच्या बाजूला ब्लू मॉर्मनचीही, ज्याला २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून मान मिळाला. सप्टेंबर-ऑक्टोबरात खुळखुळ्याच्या सुकत चाललेल्या झुडपांवर ब्लू टायगरसारखी फुलपाखरे गोळा होतात. ढगाळ दिवशी ती मिटल्या पंखांनी बराच वेळ तिथेच असतात.

पक्ष्यांसाठी तीन जागा सुचवतो. भातलावणीच्या आधी चिखलणी सुरू असलेल्या खाचरात बैलांमागे वा ट्रॅक्टरमागे गायबगळे, मैना आणि कोतवाल फिरत असतात. शेतकऱ्याची त्यांना सवय असते आणि बांधावर गप्प बसलेल्या माणसाकडेही ते लवकरच दुर्लक्ष करू लागतात. दुसरी जागा म्हणजे पाझर तलावाचा उथळ काठ. तिसरी म्हणजे बाभळीवर सुगरणींची वसाहत असलेली विहीर, जिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. तिन्ही ठिकाणी जाण्यापूर्वी शेताच्या मालकाला विचारावे. ही केवळ शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. कोणत्या पिकावर आज औषध फवारले आहे आणि रानडुकरांसाठी विजेची तार कोठे ओढली आहे, हे त्यालाच ठाऊक असते.

पाचवी पायरी: कीटक टिपताना

कीटकांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या हवेवर अवलंबून असते. गार, मळभाच्या हवेत चतुर, टाचण्या (चतुरासारखेच पण बारीक अंगाचे कीटक) आणि फुलपाखरे मंदावतात, आणि उन्हात हाताला न लागणारा चतुर वीतभर अंतरावरून टिपता येतो. तथापि ढग फाटून ऊन आले की ती फुलपाखरे पंख पसरून ऊन खातात आणि थोड्याच वेळात निघून जातात, म्हणून सूर्य दिसू लागला की आधी फुलपाखरांकडे वळावे. दवबिंदूंनी मढलेल्या चतुराचा फोटो हवा असेल तर ढगाळ रात्रीनंतर तो शोधू नये. ढग जमिनीची ऊब अडवून धरतात, म्हणून दव निरभ्र रात्री अधिक पडते. त्यासाठी नोव्हेंबर ते जानेवारीतील स्वच्छ रात्रींनंतरची पहाट गाठावी. कीटकावर पिचकारीने पाणी मारून किंवा त्याला शीतपेटीत ठेवून असे फोटो काढण्याची पद्धत काही जण वापरतात. ती मला पसंत नाही आणि कोणी वापरूही नये.

जवळ जाताना थेट न जाता तिरके, खाली वाकून आणि थांबत थांबत जावे. टाचणी गवताच्या काडीवर बसलेली असेल तर आपण जवळ येताच ती काडीच्या पलीकडे सरकते. अशा वेळी मागे न लागता स्तब्ध राहावे, ती बहुधा परत अलीकडे येते.

आता या कामातील सर्वांत कठीण भाग. मूळ आकाराइतकी प्रतिमा घेताना एफ/११ ठेवले तरी जेमतेम एक मिलीमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले की पंख धूसर होतात. अ‍ॅपर्चर आणखी बंद केल्यास प्रकाश संपतो आणि एका मर्यादेनंतर एकूण रेखीवपणाही घटतो. म्हणून कॅमेऱ्याचा सेन्सर कीटकाच्या शरीराला समांतर येईल असा कोन शोधावा, म्हणजे चतुर बाजूने टिपताना डोके, धड आणि शेपटी त्या एका थरात बसतील. याचबरोबर प्रतिमा थोडी लहान घ्यावी. निम्म्या आकारात घेतल्यास तो थर दुपटीहून अधिक जाड होतो, आणि राहिलेले काम नंतर फोटो कापून भागते. ऑटोफोकस बंद करून, अंतर ठरवून, स्वतः पुढे-मागे डुलत ज्या क्षणी डोळा स्पष्ट दिसेल त्या क्षणी कळ दाबावी. वाऱ्याने काडी हलत असेल तर तिच्या दोन झोक्यांमधील ठहरावाची वाट पाहावी; झोक्याच्या टोकाशी काडी क्षणभर थांबते.

फ्लॅश वापरावा की नाही? मळभात छोटा फ्लॅश कीटकांसाठी उपयुक्तच असतो, कारण त्याचा झोत इतका अल्पकाळ असतो की हालचाल गोठते. परंतु उघड्या फ्लॅशने ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो आणि मागे काळोख येतो. पहिल्यासाठी फ्लॅशपुढे पांढऱ्या बटर पेपरचा मोठा, किंचित वाकवलेला पडदा धरावा आणि तो कीटकाच्या जितका जवळ आणता येईल तितका आणावा. दुसऱ्यासाठी आयएसओ ८०० ते १६०० आणि शटरगती १/१०० च्या आसपास ठेवावी, म्हणजे मागची हिरवळ मळभाच्या उजेडात नोंदली जाईल आणि फ्लॅश केवळ कीटकापुरता राहील. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरील चकाकी काढतो खरा, पण एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो. अगदी स्थिर कीटक आणि भक्कम आधार असेल तरच तो लावावा.

पहिल्या पावसानंतर माळावर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा हा आठ पायांचा असल्यामुळे कीटक नव्हे, कोळ्यांच्या कुळातला आहे. मळभातला मऊ प्रकाश त्याच्या मखमलीला फार शोभतो. त्याचा लाल रंग मात्र कॅमेऱ्यात सपाट होऊन जातो, तेव्हा -०.३ ते -०.७ करून टिपावे आणि तळहातभर उंचीवरून नव्हे, जमिनीला पोट टेकून, त्याच्या पातळीवरून टिपावे.

मोबाइलवाल्यांनी याच भागावर भर द्यावा. रुईवरचा नाकतोडा, अळ्या, मृगाचा किडा आणि कोळ्यांची जाळी मोबाइलने उत्तम येतात. बोटाने फोकस करून तो जागी बांधून घ्यावा, उजेड किंचित कमी करावा आणि डिजिटल झूम वापरू नये. पक्ष्यांच्या मागे मोबाइल घेऊन धावण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी: पक्षी टिपताना

मळभात पांढरे आकाश हा प्रकाशाचा स्रोत म्हणून उत्तम आणि पार्श्वभूमी म्हणून सर्वांत वाईट. विजेच्या तारेवरचा वेडा राघू कितीही सुंदर असला तरी त्याच्यामागचे कोरे आकाश त्याचा हिरवा रंग मारून टाकते. म्हणून पक्षी दिसताच आधी त्याच्यामागे काय आहे ते पाहावे. आपण दोन पावले उजवीकडे सरकल्यास मागे डोंगर येईल का, उंच बांधावर चढल्यास ज्वारीचे शेत येईल का, हे पाहून मगच कॅमेरा उचलावा. पक्षी आणि पार्श्वभूमी यांत जितके अंतर अधिक, तितकी ती गुळगुळीत येते. घाटरस्त्याच्या कठड्यावरून खाली दरीतील झाडांवर बसलेले पक्षी या दृष्टीने फार सोयीचे असतात, कारण तेथे मागे आपोआप हिरवी दरी येते. आकाश टाळता येतच नसेल तर ते पूर्ण पांढरे होऊ द्यावे आणि निष्पर्ण फांदीसह पक्ष्याची रेखाटनासारखी मांडणी करावी. अर्धवट राखाडी आकाशापेक्षा ते चांगले दिसते.

पाऊस थांबल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे वाया घालवू नयेत. बुलबुल, होले, कोतवाल उघड्या फांद्यांवर येऊन पिसे झटकतात, चोचीने साफ करतात आणि बराच वेळ एका जागी बसतात. पहिल्या पावसांनंतर वारुळांतून वाळवीचे पंखवाले किडे बाहेर पडू लागले की कोतवाल, वेडे राघू, बुलबुल आणि घारीसुद्धा त्या जागी जमा होतात. अशी जागा सापडली तर दिवसभर दुसरीकडे जाऊ नये. उडणाऱ्या किड्यांमागे लेन्स फिरवण्यापेक्षा पक्षी पुन्हा पुन्हा ज्या खुंटावर परततो त्या खुंटावर फोकस ठेवून बसावे. कोतवाल आणि वेडा राघू दोघेही भक्ष्य पकडून ठरलेल्या बैठकीवर येतात, आणि किडा चोचीत धरून बसलेल्या पक्ष्यासाठी १/५०० सेकंदही पुरते.

सुगरणीची वसाहत नवोदितांसाठी विशेष शिफारस करण्याजोगी आहे. जून ते सप्टेंबर हा तिच्या विणीचा काळ. पिवळ्या डोक्याचा नर गवताच्या चिरफळ्या आणून आधी शिरस्त्राणासारखे अर्धे घरटे विणतो आणि मादीने ते पसंत केले तरच पूर्ण करतो. एक घरटे मार्गी लागले की तो दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणींच्या या संसाराचे बारकाईने निरीक्षण केले होते. छायाचित्रकाराला यातून तीन निरनिराळे क्षण मिळतात. विणकाम करताना नर अर्ध्या घरट्याच्या आडव्या दांडीवर बसतो आणि शरीर जवळपास स्थिर ठेवून केवळ चोच चालवतो. तेथे १/३२० सेकंद पुरते. चिरफळी घेऊन येताना तो बहुधा त्याच बाजूने येतो, म्हणून आधीच फोकस धरून ठेवता येतो. मादी जवळ आली की सारे नर घरट्यांना लटकून पंख फडफडवतात. या प्रसंगी १/१००० सेकंद लागते आणि मळभात आयएसओ सहज ६४०० वर जातो, पण तो दाणेदारपणा पत्करावा. घरटी वाऱ्याने झुलत असतील तर आपल्याकडे झुलताना नव्हे, झोक्याच्या टोकाशी कळ दाबावी.

वसाहतीपासून अंतर राखावे. लांब नळी पूर्ण झालेल्या घरट्यांत अंडी वा पिल्ले असण्याची शक्यता असते. पक्षी कामे सोडून ओरडू लागले तर ते आपल्यामुळेच आहे असे समजून मागे सरावे. माळावरची टिटवी जमिनीवरच अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की पुढे एकही पाऊल न टाकता आल्या वाटेने परतावे, कारण अंडी पायाखाली असू शकतात. घरट्याभोवतीच्या फांद्या बाजूला करणे, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावणे हे प्रकार विणीच्या काळात पिल्लांच्या जिवावर बेततात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे हेही शिकारीच्या व्याख्येत घेतले आहे, हे अनेकांना माहीत नसते.

सातवी पायरी: स्वतःला आणि कॅमेऱ्याला सांभाळणे

व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चालू नये. शिवारातील अनेक विहिरींना कठडा नसतो आणि पावसाळ्यात कडेचे गवत तोंड झाकून टाकते. गुडघा टेकण्यापूर्वी काठीने गवत हलवावे. घोणस शेताच्या बांधावर आणि फुरसे खडकाळ माळावर, विशेषतः कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर, दगडाच्या रंगात मिसळून बसलेले असते. गमबूट घालावेत. सह्याद्रीच्या जंगलात जळवा लागतातच, त्यांचा बाऊ करू नये. विजा चमकू लागल्या की उघड्या माळावरून आणि एकट्या झाडाखालून निघावे. कासच्या पठारासारख्या ठिकाणी आखलेल्या वाटा सोडून फुलांत बसणे मुळीच योग्य नाही.

वातानुकूलित मोटारीतून थेट दमट हवेत काढलेल्या लेन्सवर वाफ धरते आणि पुसली तरी पुन्हा येते. प्रवासात थंड हवा बंद ठेवावी, किंवा कॅमेरा हवाबंद पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेत अर्धा तास तसाच राहू द्यावा आणि मग पिशवी उघडावी. घरी आल्यावर ओली बॅग बंद करून ठेवणे हा बुरशीला आमंत्रण देण्याचा हमखास मार्ग आहे. कॅमेरा पंच्याने टिपून, लेन्स काढून, पंख्याखाली रात्रभर ठेवावा आणि नंतर रबरी झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवल्यास उत्तम. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी. सिलिका जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येते. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी हा डबा लेन्सच्या आधी विकत घ्यावा.

आठवी पायरी: संगणकावर

मळभातील फाइल सुरुवातीला फिकी दिसते. आधी रंगांचा तोल किंचित उबदार करावा, मग उजेड, त्यानंतर थोडा कॉन्ट्रास्ट, आणि दाणेदारपणा कमी करणे हे धारदारपणा वाढवण्याच्या आधी करावे. हिरव्या रंगाची तीव्रता वाढवण्याचा मोह आवरावा, कारण पावसाळ्यातील हिरवा मुळातच इतका गडद असतो की थोड्याशा वाढीनेही तो प्लास्टिकसारखा दिसू लागतो. गरज वाटल्यास केवळ पक्ष्यापुरता उजेड वाढवावा. उच्च आयएसओचा फोटो फार कापू नये. निम्म्याहून अधिक चित्र कापावे लागत असेल तर पुढच्या वेळी जवळ जाणे किंवा पक्षी भोवतालासह टिपणे हाच उपाय आहे.

प्रत्येक फोटोसोबत तारीख, गाव आणि कीटक असल्यास तो कोणत्या झाडावर होता याची नोंद ठेवावी. अळीची ओळख पुष्कळदा झाडावरूनच लागते. ओळख पटवण्यासाठी आयनॅचरलिस्ट आणि पक्ष्यांसाठी ई-बर्ड ही संकेतस्थळे उपयोगी आहेत. मात्र घरट्याचा फोटो असेल तर जागेचा नेमका पत्ता सार्वजनिक करू नये आणि मोबाइलच्या फोटोत आपोआप साठवलेले स्थानही काढून टाकावे.